चादरवालीचा तिसरा झटका

माझ्या फिल्मची सुरुवात अशी होते. काळा पडदा. घड्याळाची टिकटिक. मग माझा आवाज, सर्दी झालेल्या न्यायाधीशासारखा जड: "त्या दिवशी, दुपारी चार वाजून सात मिनिटांनी, लॉजच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत एका बाईनं चादर झटकली. एकदा. दोनदा. तीनदा. आणि खाली रस्त्यावर तीन गोळ्या सुटल्या." टिकटिक बंद. पुन्हा काळा पडदा.

तो आवाज काढताना मी तोंडाशी पिठाचा रिकामा डबा धरला होता. ते फिल्ममध्ये कळत नाही. माझ्या नाकाला दोन दिवस पीठ लागलेलं होतं, ते बायकोला कळलं.

सहा वर्षं खपून मी ही फिल्म केली. रविवारी ती मंडळापुढे दाखवायची होती. तिच्यात मी त्या बाईला खुनाच्या कटात गळ्यापर्यंत गोवलं होतं. तिचं नाव कोणाला माहीत नव्हतं आणि चादरीमुळे तिचं तोंडही दिसत नव्हतं. आणि रविवारच्या आधीच्या बुधवारी मला कळलं की ती बाई म्हणजे माझी मावशी. आठ महिन्यांचा होतो तेव्हापासून मला वाढवणारी, आणि खुनाचा छडा लावायला मी घराबाहेर निघालो की "डबा घेतलास का?" असं विचारणारी.

आधी खुनाबद्दल सांगतो. ज्यांचा खून झाला त्यांना सगळे मास्तर म्हणत. आधी शाळेत गणित शिकवायचे, मग राजकारणात आले. ते निवडून आले असते तर काय काय झालं असतं, याच्या गप्पा एक्केचाळीस वर्षांनंतरही न्हाव्याच्या दुकानात रंगतात. मारेकरी जागच्या जागी सापडला. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, हातात पिस्तूल, खिशात चिमटा. मीच मारलं, म्हणाला. एकट्यानं मारलं, म्हणाला. चौकशी समितीनंही तेच लिहिलं.

इतकं सरळ? आमच्या मंडळाचा जन्म या दोन शब्दांतून झाला.

मंडळाचे सभासद सात, येतात चार. रविवारी दवाखाना बंद असतो तेव्हा आम्ही आमच्या अध्यक्षांच्या दवाखान्यात जमतो. अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. गोळ्यांची दिशा ते प्लास्टरच्या जबड्यावर समजावून सांगतात. "ही दाढ म्हणजे बँक. हा सुळा म्हणजे लॉज. आणि गोळी इथून, हिरडीच्या बाजूनं शिरली." एकदा टपालखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ नव्यानं आले. त्यांनी तासभर निमूट ऐकलं आणि शेवटी विचारलं, "म्हणजे, दात काढावा लागला का?" ते पुन्हा आले नाहीत. ते आले नाहीत यावरही आम्ही एक बैठक घेतली.

आमच्याकडे पुरावा एकच. कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओवाल्यानं नवा कॅमेरा चालतो का ते पाहायला अडतीस सेकंदांची मुकी फिल्म घेतली होती. सेकंदाला अठरा फ्रेमा, म्हणजे एकूण सहाशे चौऱ्याऐंशी. त्यातली एकेक फ्रेम मला तोंडपाठ. मास्तर कुठल्या फ्रेमला डोळे मिटतात ते मी झोपेत सांगेन. बायकोच्या डोळ्यांचा रंग विचाराल तर मात्र एकदा वळून पाहावं लागेल.

या फिल्ममधली सगळ्यात गाजलेली गोष्ट म्हणजे मास्तरांचं थांबणं. ते झपझप चालत येतात, मध्येच थांबतात, मान वर करतात, आणि गोळ्या लागतात. थांबले नसते तर वाचले असते, असं सगळं जग म्हणायचं. आणि थांबले कशामुळे? तर वर गॅलरीत फडफडणारी चादर पाहून. एवढ्यावरून त्या बाईला नाव पडलं: चादरवाली.

इथे मी रंगमंचावर येतो. मी फ्रेमा मोजल्या. दोनशे बाराव्या फ्रेमला मास्तर थांबतात. चादर उघडते ती दोनशे एकोणतिसाव्या फ्रेमला. मध्ये सतरा फ्रेमा! सेकंदभरसुद्धा नाही, डोळ्यांना दोन्ही एकदमच घडल्यासारखं दिसतं. पण आधी मास्तर थांबले आणि मग चादर उघडली. म्हणजे काय? म्हणजे मास्तर कुठे थांबणार हे बाईला ठाऊक होतं. ते थांबताच तिनं इशारा दिला! मंडळात टाळ्यांचा कडकडाट झाला. चार माणसांचा, पण झाला. डॉक्टरांनी माझी एक दाढ फुकट साफ करून दिली.

त्यावर डॉक्टरांनी स्वतःची भर घातली. तिसऱ्या झटक्याला ती चादर डावीकडे कलते. मारेकरी डावीकडेच उभा होता. या 'डाव्या कला'वर त्यांनी अकरा पानांचा लेख लिहिला आहे. मी तो फिल्ममध्ये लाल बाणासकट घेतला. फिल्मच्या शेवटी माझा डब्यातला आवाज विचारतो, "दुसऱ्याच दिवशी चादरवाली लॉजवरचं काम सोडून नाहीशी झाली. कुठे? कोणाकडे? कोणासाठी?" प्रत्येक प्रश्नामागे एकेक ढोल वाजतो.

तर बुधवार.

फिल्ममध्ये एक प्रसंग नव्यानं घडवून घ्यायचा राहिला होता: चादर झटकणाऱ्या बाईची नुसती सावली. तो आम्ही गच्चीच्या मागच्या कडेला घेत होतो. नटी म्हणजे बायको. ती माझ्या फिल्ममध्ये फुकट काम करते आणि त्याबद्दल वर्षभर बोलते.

"अहो दिग्दर्शक, माझे हात गळून पडतील आता. अजून किती वेळा मारायचं त्या बिचाऱ्या मास्तरांना?"

"तू झटकत नाहीयेस गं. तू माशा हाकलतेयस."

"मग तुम्ही नेसा साडी आणि झटका. सावलीच तर हवी आहे. कोणाला कळतंय?"

मावशी चहाला बोलवायला वर आली होती. ती जिन्याच्या दारात उभी राहून थोडा वेळ पाहत राहिली. कशासाठी चाललंय ते तिनं विचारलं नाही. माझ्या फिल्मांविषयी ती कधीच काही विचारत नसे. पण चादरीचे हाल तिला बघवेनात.

"अगं, खांद्यातून काय झटकतेस? दुखेल नाही तर काय होईल! मनगटातून झटकायचं. आण इकडे."

तिनं चादर घेतली. दोन कोपरे दोन मुठींत धरले. आणि मला लहानपणापासून पाठ असलेलं तिचं गाणं तिच्या ओठांवर आलं. कपडे वाळत घालताना ती ते गुणगुणते, तिला स्वतःलाही कळत नाही:

पहिला गं झटका, पाण्याच्या थेंबाला
दुसरा गं झटका, कापडाच्या पिळाला
तिसरा गं झटका, माझ्या दमल्या जिवाला

लहानपणी झाडावरून पडून तिचं डावं मनगट मोडलं होतं, ते नीट बसलं नाही. दोन झटके ते तग धरतं. तिसऱ्याला दमतं, हात वीतभर खाली येतो, आणि चादर डावीकडे कलते. मग ती चादरीची किनार हनुवटीखाली धरते आणि घडी घालते.

मी कॅमेऱ्याच्या भिंगातून पाहत होतो. फ्रेम दोनशे एकोणतीस. फ्रेम दोनशे पन्नास. फ्रेम दोनशे एकाहत्तर, डावा कल. अकरा पानांचा लेख माझ्यापुढे स्लिपर घालून उभा होता.

अशा वेळी माणसाच्या मनात पहिली गोष्ट कुठली यावी? माया यावी, भीती यावी, निदान लाज तरी यावी. माझ्या मनात आलं: जवळचं भिंग लावायला हवं होतं. हे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे माझ्याविषयी कोणाचा चांगला गैरसमज होऊ नये.

"काय झालं? असे का पाहताय?" बायको म्हणाली.

"मावशी," मी म्हणालो, "तू आमच्याकडे यायच्या आधी कुठे कामाला होतीस?"

"धुलाईच्या कामाला. तुला माहीत आहे की."

"हो, पण कुठे?"

तिनं घडी पुरी केली. कडा जुळवल्या. मग कॅमेऱ्याकडे पाहिलं, त्यावरच्या बारीक लाल दिव्याकडे.

"तो दिवा आधी बंद कर," ती म्हणाली.

मारेकऱ्याच्या चपलेचं माप मला माहीत होतं. त्याच्या मेव्हण्याचा पत्ता माहीत होता. पण ज्या हातचं खाऊन मी वाढलो ते हात आधी कुठे राबत होते, हे एक्केचाळीस वर्षांत मी विचारलं नव्हतं. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी: आमच्या घराला पुढच्या बाजूला चांगली लांबरुंद गॅलरी आहे, तिथे सकाळभर ऊन असतं, तरी आमच्याकडे कपडे आतल्या खोलीत वाळतात. पंख्याखाली, दोरीवर. लहानपणापासून माझ्या अंथरुणाला ओल्या भिंतीचा वास आहे. पुरावा रोज माझ्या नाकाखाली होता. मी त्याच्यावर डोकं ठेवून झोपत होतो.

आम्ही त्याच खोलीत बसलो. वर चादरी टांगलेल्या. बायकोनं चहा आणला आणि तीही दाराशी टेकून उभी राहिली.

"सकाळी तुझ्या आईची तार आली होती," मावशी म्हणाली. "तब्येत फार बिघडली आहे, बाळाला बघायला ये, म्हणून. मालकाला सांगितलं, उद्यापासून येत नाही. म्हटलं, आजच्या चादरी तरी धुऊन जाऊ. शेवटची बादली होती."

कुठे? कोणाकडे? कोणासाठी? माझ्या डोक्यात तीन ढोल वाजले आणि तिन्ही माझ्याच पाठीत पडले. कटातली ती फरारी बाई मला दूध पाजायला आली होती.

"पोलिसांनी विचारलं नाही तुला?"

"धुणाऱ्या बाईला कोण विचारतं? मी खाली पाहिलं तेव्हा माणसं पळत होती. मला वाटलं, फटाके. पुढे वर्षभरानं शेजाऱ्यांच्या टीव्हीवर ती फिल्म दाखवली. तू मांडीवर होतास. त्यांनी चादरीभोवती पांढरा गोल काढला होता. मी माझा हात ओळखला." तिनं डावं मनगट उजव्या हातानं चोळलं. "बाई म्हणाली टीव्हीवरची, चादर पाहून मास्तर थांबले. थांबले म्हणून गेले. मी घरी आले आणि दोरी आत बांधली."

"मावशी, म्हणजे इतकी वर्षं तुला वाटतंय की..."

"वाटायचंय काय त्यात? दिसतंच आहे ते. आधी पाणी नीट निथळू दिलं असतं, थोडा वेळ गेला असता. मला घाई होती. तुझ्याकडे यायची घाई होती." ती अगदी साध्या आवाजात बोलत होती, भाजी निवडताना बोलावं तशी. "रोज मनात येतं असं नाही. पण ओली चादर हातात घेतली की येतं."

आणि ओली चादर तिच्या हातात आठवड्यातून दोनदा तरी असते.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. लग्नाला चौदा वर्षं झाली, तिनं माझ्याकडे मदतीसाठी असं कधी पाहिलं नव्हतं. माझ्याकडून काही होईल अशी तिला आशा नसते, आणि ती बरोबर असते.

मी मावशीला माझ्या कामाच्या टेबलापाशी नेलं. टेबलावर दोन पडदे, बुटांच्या खोक्यांतून बनवलेला रस्ता, आणि कापूस लावून केलेला धूर. कापूस पाहून ती म्हणाली, "अरे, माझा कापूस इथे आहे होय!" मी तिला खुर्चीवर बसवलं आणि तिचा हात चकतीवर ठेवला. ही चकती फिरवली की फिल्म एकेक फ्रेम पुढे सरकते.

"टीव्हीवर तू ती पळताना पाहिलीस. आता थांबवून बघ. ही दोनशे बारा. मास्तर थांबले?"

"थांबले."

"मान वर?"

"वर आहे."

"आता गॅलरीत बघ. चादर कुठे आहे?"

ती पुढे वाकली. चष्मा कपाळावरून खाली ओढला. पडद्यावर, करड्या ठिपक्यांच्या गर्दीत, बादलीवर वाकलेली एक पाठ होती. बारीक, तरुण पाठ.

"चादर नाही," ती हळूच म्हणाली. "बादलीत आहे अजून."

"तू पाठमोरी आहेस. मास्तर थांबून चुकले आहेत, आणि तू अजून बादलीत हात घालून उभी आहेस. आता मोज."

तिनं चकती फिरवली. पेरांवर मोजू लागली, मी शाळेत असताना पाढे घ्यायची तशी. एक. दोन. तीन. पाठ जरा सरळ झाली. आठ. नऊ. पिळलेली चादर बाहेर आली. चौदा. पंधरा. सोळा.

"सतरा," ती म्हणाली, आणि चादर उघडली.

"मागे ने. पुन्हा दाखव," ती म्हणाली.

मी पुन्हा दाखवलं. तिनं पुन्हा मोजलं. मग माझा हात बाजूला करून तिनं स्वतःच मागे नेलं, पुढे आणलं, किती वेळा ते मी मोजलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मी काही मोजलं नाही. ज्या सतरा फ्रेमांनी मी एका बाईला फासावर चढवायला निघालो होतो, त्याच सतरा फ्रेमा होत्या. सहा वर्षं त्या माझ्या खणात पडून होत्या, आणि शेजारच्या खोलीत दोरीवर चादरी गळत होत्या.

"मग ते थांबले का रे?" तिनं विचारलं.

या प्रश्नाची माझ्याकडे बावीस उत्तरं आहेत, त्यांतल्या नऊ उत्तरांना बाण आहेत.

"माहीत नाही, मावशी," मी म्हणालो.

दाराशी बायकोचा कप बशीवर खडखडला. "हे काय ऐकतेय मी!" ती म्हणाली, आणि डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली.

रविवारी मी मंडळापुढे फिल्म दाखवली, पण डब्याशिवायच्या आवाजात. ढोल काढले, बाण काढले. नुसत्या सतरा फ्रेमा दाखवल्या आणि म्हणालो, "बाई पाठमोरी आहे. तिला मास्तर दिसले नाहीत, मास्तरांना चादर दिसली नाही. ती तिचं काम करत होती. बस."

डॉक्टरांनी प्लास्टरचा जबडा मिटला.

"कोण भेटलं तुम्हाला?"

"कोणी नाही, डॉक्टर."

"बुधवारपर्यंत तुमचा फोन लागत होता. गुरुवारपासून लागत नाही."

"चार्जर बिघडलाय."

"अचानक?" त्यांनी ते लिहून घेतलं. "आणि या फिल्ममध्ये तुमचा आवाजही वेगळा येतोय. कोणाच्या दबावाखाली बोलल्यासारखा."

"तो माझा खरा आवाज आहे हो!"

"हं. चादरवाली कोण, ते कळलंय का तुम्हाला?"

"नाही," मी म्हणालो. सहा वर्षांत मंडळापुढे जाणूनबुजून बोललेलं हे माझं पहिलं खोटं. आधीची सगळी मनापासून होती.

माझ्यावर मंडळाची तीन सदस्यांची चौकशी समिती बसली. दाढही पुन्हा ठणकू लागली, पण आता ती दाखवायची कोणाला?

सोमवारी सकाळी बायको पुढच्या खिडकीशी उभी राहून हसत होती. "या, बघा. तुमच्यावर पाळत आहे. खुद्द अध्यक्ष."

समोरच्या इमारतीच्या जिन्याच्या खिडकीत डॉक्टर बसले होते. गळ्यात दुर्बीण, मांडीवर वही, कानावर पेन्सिल.

"त्यांचा पहिला पेशंट तोंड उघडून ताटकळत असेल," बायको म्हणाली.

मागून बादलीच्या कडीचा आवाज आला. मावशी न्हाणीघरातून येत होती. आतल्या खोलीकडे न वळता ती सरळ पुढे आली. तिनं गॅलरीचं दार उघडलं. कडी इतक्या वर्षांची गंजलेली, दोनदा हिसका द्यावा लागला.

"मावशी, थांब. समोर डॉक्टर आहेत. तुझा डावा हात त्यांना पाठ आहे. ओळखतील."

"ओळखू देत. विचारलंच तर तुझ्या त्या चकतीवर बसव त्यांना, मोजतील." तिनं बादली खाली ठेवली आणि कठड्यावर हात फिरवला, उन्हानं किती तापलाय ते पाहिलं. "किती ऊन वाया घालवलं रे मी."

तिनं चादर पिळातून सोडवली. कोपरे मुठींत धरले. पहिला झटका: पाण्याचे थेंब रस्त्यावर उडाले. दुसरा: पीळ सुटला. तिसरा: मनगट दमलं, चादर डावीकडे कलली. समोरच्या खिडकीत दुर्बीण वर आली आणि कानावरची पेन्सिल वहीवर धावू लागली.

मावशीनं ते पाहिलं. चादर दोरीवर टाकायला उचललेले हात तिनं मध्येच थांबवले. कोपरे पुन्हा धरले, आणि दमल्या मनगटानं, सावकाश, आणखी एक झटका दिला.

पेन्सिल थांबली. चौथा झटका त्यांच्या एकाही सिद्धान्तात नव्हता.

"आता हा कशाला?" मी विचारलं.

"बिचारे उपाशीपोटी येऊन बसलेत," मावशी चादर दोरीवर पसरत म्हणाली. "त्यांना थोडं काम नको का?"

मग ती गुणगुणू लागली. गाण्याला एक नवी ओळ जोडली होती:

चौथा गं झटका, समोरच्या खिडकीला